नावाला ग्राफ

ग्राफिंग कॅल्क्युलेटर हे नावच जरा फसवं आहे. अभियंत्याच्या हातात तो दिवसभर असतो, पण ग्राफ काढायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. एरवी तो मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, सोडवतो, संमिश्र (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या) संख्यांचे कोन काढतो, दहाचे घात सांभाळतो आणि कंस मोजतो. तरी निवडताना नजर आधी पडद्यावर जाते. रंगीत आहे का? बोटाने सरकतो का? खिडक्यांचे पडदे आवडले म्हणून घर घ्यावं, तसलाच हा प्रकार.

बरं, पडद्याचंच आधी बघू. १९८५ साली कॅसिओचा एफएक्स-७०००जी आला, ग्राफ काढणारा पहिला कॅल्क्युलेटर. तेव्हाची युक्ती आजही चालते: पडद्यावरच्या प्रत्येक उभ्या ओळीसाठी क्षची एक किंमत घ्यायची, उत्तराचा ठिपका द्यायचा आणि ठिपके रेघेने जोडायचे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स म्हणजे टीआय, त्यांच्या टीआय-८३ किंवा टीआय-८४ प्लसच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ग्राफसाठी अशा ९५ ओळी मिळतात, म्हणजे मधली अंतरं ९४. आता रेडियनमध्ये (कोन मोजायचं अंशांहून वेगळं एकक) शून्य ते २ पाय (π) अशी खिडकी लावा आणि त्याला साइन ९५क्ष काढायला सांगा. पडद्यावर एकच संथ लाट उमटते, हुबेहूब साइन क्षची. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना खरी लाट एक अख्खी फेरी मारून वर थोडी पुढे सरकलेली असते; ती फेरी यंत्राला दिसतच नाही. साइन ९४क्ष सांगितलं तर चक्क आडवी रेघ! मोठ्या रंगीत पडद्यावर ओळी वाढतात, पण दुखणं बरं होत नाही, वरच्या वारंवारतेला सरकतं एवढंच. टॅनच्या ग्राफमध्ये ९० अंशांपाशी दिसणारी उभी भिंतही अशीच, दोन टोकांचे ठिपके जोडल्यामुळे आलेली. रेघेऐवजी नुसते ठिपके काढायला सांगितलं की ती पडते.

खरी निवड बटणांपाशी होते. सर्किटच्या अनुनादाची (रेझोनन्सची) वारंवारता काढायचं सूत्र घ्या: एक भागिले, छेदात २ पाय गुणिले एलसीचं वर्गमूळ. एल म्हणजे इंडक्टर १० मिलीहेन्री, सी म्हणजे कपॅसिटर १०० नॅनोफॅरड. उत्तर साधारण ५०३३ हर्ट्झ यायला हवं. पण वहीत लिहितो तसंच १/२ पाय असं कंसाशिवाय टाइप केलं, तर टीआय-८४ आधी १ ला २ ने भागतो आणि मग बाकी सगळ्याने गुणतो. उत्तर येतं ०.००००४९६७. दोष यंत्राचा नाही. न लिहिलेल्या गुणाकाराला भागाकाराच्या आधी मान द्यायचा की नाही, यावर कंपन्यांचं एकमत नाही. टीआय-८२ असा मान देत असे, टीआय-८३ने तो काढून घेतला. तेव्हा छेदाला कंस घालायचाच, यंत्र कुठलंही असो. १ भागिले ५ किलोओहम करतानाही हाच घोळ. घाताचं खास बटण वापरलं तर ०.०००२ येतं; ५ गुणिले दहाचा तिसरा घात असं सुटं लिहिलं तर २००.

विद्युत शाखेतल्यांनी एक गोष्ट मात्र घेण्याआधी पाहावीच: मॅट्रिक्समध्ये संमिश्र संख्या चालतात का? टीआय-८४ प्लसमध्ये चालत नाहीत. ३+४आय एकटी असेल तर तो लगेच ५, कोन ५३.१३ अंश असं सांगतो, पण तीच मॅट्रिक्समध्ये घालायला गेलात की एरर. पळवाट आहे. वास्तव भाग ए आणि काल्पनिक भाग बी धरून वरच्या ओळीत ए आणि उणे बी, खालच्या ओळीत बी आणि ए अशी दुप्पट मॅट्रिक्स मांडायची. तीन लूपच्या एसी सर्किटसाठी ३ बाय ३ ची ६ बाय ६ होते, म्हणजे ९ ऐवजी ३६ आकडे भरायचे, तेही उणे चिन्ह न चुकवता. रोज हेच काम असेल तर टीआय-एनस्पायर किंवा एचपी प्राइम घ्यावा. बोटं दुखणार नाहीत.

एचपीच्या जुन्या भक्तांचा पंथच वेगळा. १९७२च्या एचपी-३५पासून त्यांची रीत अशी की आकडे आधी, क्रिया नंतर: ३, एंटर, ४, अधिक, ५, गुणिले, उत्तर ३५, कंस एकही नाही. बरोबरच्या चिन्हाचं बटणच नसतं, त्यामुळे उसना मागणारा सहसा दोन मिनिटांत परत करतो.

अक्षरांतली बीजगणितं सोडवणारी सीएएस (कॉम्प्युटर अल्जेब्रा सिस्टीम) हवी असेल तर नाव नीट वाचा. टीआय-एनस्पायर सीएक्स २ आणि त्याचा सीएएसवाला भाऊ दिसायला जवळपास सारखेच. सीएएसमध्ये काल क्षमध्ये ५ साठवले असतील, तर आजच्या समीकरणात क्ष अज्ञात उरतच नाही. आधी तो पुसायचा. नुसत्या आकड्यांवर समीकरण सोडवणाऱ्या सॉल्व्हरची खोड वेगळी. त्याला सुरुवातीचा अंदाज लागतो. पाइपमधल्या घर्षणासाठी कोलब्रुकचं समीकरण सोडवताना अंदाज शून्य दिला तर शून्याने भागल्याची तक्रार येते, ०.०२ दिला की काम सुरळीत.

अंश-रेडियनचं तर बोलायलाच नको. ३० ची साइन उणे ०.९८८ आली, तर यंत्र रेडियनमध्येच राहिलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि हे सगळं पारखण्याआधी परीक्षेचे नियम वाचलेले बरे. अमेरिकेत अभियंत्यांच्या परवान्याची परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएसच्या यादीत कॅसिओचे एफएक्स-११५ आणि एफएक्स-९९१, एचपीचे ३३एस आणि ३५एस, टीआयचे ३०एक्स आणि ३६एक्स एवढेच बसतात. ग्राफवाला एकही नाही. अशी परीक्षा पुढे असेल तर यादीतला एखादा साधा कॅल्क्युलेटर आधीच घेऊन रोजचं काम त्याच्यावर करावं. नाहीतर ऐन पेपरात बोटं मोठ्या यंत्रावरची बटणं शोधत बसतात.