रियुनियनला किती दिवस?

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मी दोनदा जाऊन आले हे कळलं की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. मॉरिशसला चाललोच आहोत, तिथून विमानानं पाऊण तास, बेट तरी केवढंसं! तीन दिवसांत निसर्ग-बिसर्ग सगळा बघून होईल ना? परवा पुन्हा एकानं विचारलं, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

होणार नाही. सात दिवस काढा आणि त्यातले दोन रिकामे ठेवा. रिकामे म्हणजे खरंच रिकामे. ‘वेळ मिळाला तर अमुक धबधबा’ असंही तिथे लिहून ठेवू नका.

पहिल्या खेपेला मीही नकाशाला फसले होते. बेट ६३ किलोमीटर लांब, ४५ रुंद, सगळं मिळून अडीच हजार चौरस किलोमीटर. मी कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता केला: सकाळी एक ठिकाण, दुपारी एक. पण नकाशा सपाट असतो आणि रियुनियन उभं आहे. समुद्रातून जे वर निघतं ते मधोमध पितों दे नेज या शिखरावर ३,०७० मीटरला जाऊन थांबतं. हा थंड पडलेला जुना ज्वालामुखी. त्याच्याभोवती सिलाओस, माफात आणि सालाझी अशा तीन अजस्र दऱ्या आहेत, किलवरच्या पानाच्या तीन पाकळ्यांसारख्या. आग्नेयेला दुसरा, जिवंत ज्वालामुखी: पितों द ला फुर्नेझ, २,६३२ मीटर. फुर्नेझ म्हणजे भट्टी. सिलाओसला जाणाऱ्या एकट्या घाटात चारशेच्या वर वळणं आहेत. किलोमीटर मोजून तिथे काही उपयोग नाही.

आणि खरा घोळ वळणांचाही नाही. घोळ ढगांचा आहे.

आम्ही, म्हणजे मी आणि माझी मोठी बहीण, पश्चिम किनाऱ्यावर उतरलो होतो. नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरलेला, तो सोडायचा कसा? तर आठला नाश्ता करून निघालो. पा द बेलकोंब हे ज्वालामुखीच्या आवाराच्या काठावरचं ठिकाण, २,३११ मीटर उंचीवर. तिथे पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कठड्याला हात लावून उभ्या राहिलो आणि कठड्यापलीकडे नुसतं दूध. ताई म्हणाली, “ज्वालामुखी कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग, तिकडे तोंड करून फोटो तरी काढू.” शेजारी एक बाई थर्मासमधून कॉफी ओतत होत्या. आमच्याकडे बघून हसल्या आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं. त्या पहाटेच चढून, सगळं बघून परत आल्या होत्या.

प्रकार असा आहे. रात्री डोंगरावरची गार हवा उतारावरून खाली समुद्राकडे घसरते, आकाश धुतल्यासारखं मोकळं होतं. सूर्य वर आला की उतार तापतात, समुद्रावरची दमट हवा त्यांना धरून चढायला लागते आणि मधल्या उंचीवर तिचे ढग होतात. नऊ-दहाच्या सुमाराला दऱ्या भरायला सुरुवात, बारापर्यंत बऱ्याच वेळा सगळं झाकलेलं. हे रोजचंच. हवामान बिघडलं म्हणून नव्हे, चांगल्या हवामानातही असंच. म्हणून बेत आखताना पहिला प्रश्न ‘काय बघायचं’ हा नाही. ‘सकाळी सहाला मी कुठे असेन’ हा आहे. दुपारी बारानंतर डोंगरातलं काहीही ठरवू नका. जेवा, झोपा, नाहीतर खाली उतरून किनाऱ्याला या.

दुसऱ्या खेपेला आम्ही राहिलो बूर-म्युरा गावात. सोळाशे मीटरच्या आसपासची उंची, चहूकडे गायींची कुरणं, आणि तिथून बेलकोंब तासाभराच्या आत. पहाटे साडेचारला निघालो. वाटेत प्लेन दे साब्ल लागतं. नाव वाळूच्या मैदानाचं, पण वाळू म्हणजे लालसर-काळी राख आणि बारीक खडा, झाड नावाला. गाडीच्या दिव्यांत कडेला पांढरं काही चमकत होतं, उतरून बघितलं तर दंव गोठलेलं. जुलै महिना होता. ‘उष्ण कटिबंधातलं बेट’ हे शब्द वाचून बॅगेत सुती कपडे आणि चपला भरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

बेलकोंबच्या कड्यावरून पायऱ्यांनी खाली आवारात उतरायचं. आवार हा त्यांचाच शब्द, आँक्लो. तिन्ही बाजूंनी उभे कडे आणि चौथी बाजू समुद्राकडे मोकळी. खाली पाय ठेवला की लगेच एक लहानसा तांबूस शंकू लागतो, फॉर्मिका लेओ. पुढे वाट अशी नाहीच. कातळावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेत, एका ठिपक्यावरून दुसरा शोधत जायचं. धुक्यात ठिपका हरवला तर जागच्या जागी थांबायचं, ही शहाण्यांची रीत. मी एका ठिकाणी बसून लाव्ह्याला हात लावला. साय ओढल्यावर सुरकुतते तशा त्याच्या घड्या पडलेल्या, काही ठिकाणी सुंभ गुंडाळून ठेवल्यासारख्या. वरचा पापुद्रा काचेसारखा. तळहात हलकासा घासला तर बारीक ओरखडे उठले. पातळ पापुद्र्यावर पाय पडला की खालून पोकळ, मडकं वाजवल्यासारखा आवाज येतो. हातमोजे न्या, पडलात तर हात तुम्हीच टेकणार आहात.

तिथे बसल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. सह्याद्रीचा कातळ ज्या उद्रेकांत तयार झाला ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, आणि भूवैज्ञानिक ज्या तप्त स्थळाशी (पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येत राहतो अशा जागेशी) त्यांचा संबंध जोडतात ते आज या बेटाखाली आहे. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला, मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी माळ राहिली आणि भट्टी इथे पेटती राहिली. म्हणजे आपल्या गडकिल्ल्यांखालच्या दगडाची ही चुलीवरची आवृत्ती. ताईला हे सांगितलं तर तिनं खिशातला खडा मुकाट्यानं परत ठेवला. (तो उचलायचा नसतोच. बेटाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग २००७पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याचे सुळके, दऱ्या नि कडे २०१०पासून जागतिक वारसा.)

‘लाव्हा वाहताना दिसेल का?’ हा त्या पहिल्या प्रश्नाचा धाकटा भाऊ. सांगता येत नाही. कधी वर्षातून दोन-तीनदा उद्रेक होतो, कधी वर्ष-दीड वर्ष शांतता. लक्षणं दिसली की आवार रिकामं करून बंद करतात. मग पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक लावलेलं असतं आणि तुमचं आरक्षण कितीही जुनं असलं तरी ते उघडत नाही. रिकामा दिवस हवा तो यासाठीही.

माफातला मात्र जाच. तिन्ही दऱ्यांपैकी या एकीत रस्ता नाही. माणसं चालत जातात, सामान हेलिकॉप्टरनं येतं. मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या कड्याकपारींत लपून राहिले, वस्तीची सुरुवात तिथली. सालाझीच्या बाजूनं कोल दे बफ या खिंडीतून उतरलं की ला नुवेल गावाला दोनेक तासांत पोचता येतं. मध्ये वाकड्यातिकड्या तामारँ झाडांचं पठार लागतं. नाव चिंचेचं, पण चिंचेचा याच्याशी संबंध नाही, ही बाभळीच्या कुळातली झाडं, आणि जनुकीय अभ्यासानुसार त्यांचे पूर्वज हवाईतले कोआ वृक्ष. पृथ्वीच्या जवळजवळ उलट्या टोकाहून बी आलं! मी त्या झाडाखाली डबा खाल्ला आणि वर बघत राहिले, बाकी तिथे करण्यासारखं काही नव्हतं. गावात मुक्काम करा. जिथे झोपाल तिथलं आरक्षण काही महिने आधी. ऑक्टोबरमध्ये बेट आडवं ओलांडणारी डोंगरी शर्यत असते, तेव्हा तर जागेचं नावच नको. मुक्काम यासाठी की सकाळी सहाला तुम्ही दरीच्या आत असता. वरच्या काठावरून बघणारे लोक तेव्हा अजून घाटात असतात.

हंगामाबद्दल फार लिहीत नाही. मे ते नोव्हेंबर कोरडा आणि गार, जून ते सप्टेंबर कुबड्या देवमासे किनाऱ्यालगत येतात. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. याच डोंगरात जानेवारी १९६६मध्ये चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला होता, तो जगातला विक्रम आहे. त्या महिन्यांत स्वस्त तिकीट मिळालं म्हणून हुरळू नका.

आता ते दोन रिकामे दिवस. पहाटे उठून बाहेर बघायचं. आकाश मोकळं असेल तर राहिलेला डोंगर. ढग असतील तर पूर्व किनारा, तिथे पाऊस असला तरी बिघडत नाही. ग्राँ ब्रुले या ज्वालामुखीच्या समुद्राकडच्या उतारावरून जाणारा रस्ता लाव्ह्याच्या प्रवाहांवरूनच नेलाय आणि प्रत्येक प्रवाहापाशी त्याच्या सालाची पाटी आहे. पाट्या वाचत गेलं की झाडांचं वय कळतं: नव्या कातळावर आधी राखाडी दगडफूल, मग फटींतून नेचे, मग झुडपं. २००७चा प्रवाह आतून इतका गरम राहिला की पुढे कित्येक वर्षं पाऊस पडला की त्यातून वाफ निघायची. सेंत रोझजवळ १९७७च्या लाव्ह्यानं चर्चला दोन्ही बाजूंनी वेढा घातला आणि तो दारातच थांबला. चर्च चालू आहे, लाव्हाही तिथेच आहे. फुलांचा हंगाम असेल तर याच बाजूच्या एखाद्या व्हॅनिलाच्या बागेत सकाळी डोकवा. फूल उमलतं एकाच दिवसासाठी आणि परागण हातानं, काडीनं करावं लागतं. ही युक्ती १८४१मध्ये इथल्याच एका बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली, एडमंड आल्बियस. बागेतल्या बाईंच्या हाताला जेमतेम एक सेकंद लागला. मी पाच मिनिटं झटून फूलच तोडलं.

समुद्रात पोहायचं तर खारकच्छात (प्रवाळाच्या बांधाआडच्या उथळ पाण्यात) किंवा जिथे परवानगीची पाटी आहे तिथेच. बाहेर शार्क आहेत, बंदी नुसती कागदावरची नाही. बेट फ्रान्सचं, चलन युरो, पण शेंगेनमध्ये ते येत नाही, तेव्हा व्हिसाचे नियम तिकिटाच्या आधी तपासा. गाड्या उजव्या बाजूनं चालतात. पहिल्या दिवशी सिलाओसचा घाट घेऊ नका.

आणि रजा खरोखर तीनच दिवसांची असेल, तर किनारा सोडून द्या. दोन रात्री बूर-म्युरात काढा, एक सिलाओसला. नाश्ता भाड्यात धरू नका.