हंगेरियनची आर्टिकल्स शिकताना: माझा अनुभव

मास्टर्ससाठी मी बुडापेस्टला आले. शिक्षण इंग्रजीतून, पण स्टिपेंडियम हंगारिकुम शिष्यवृत्तीवर आलेल्या आम्हा सगळ्यांना पहिल्या वर्षी हंगेरियनचा वर्ग होता. पहिल्याच आठवड्यात आर्टिकल्स (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखे नामाआधीचे शब्द) आली आणि वर्गाला हायसं वाटलं, कारण या भाषेत लिंगभेद मुळीच नाही. जर्मन शिकून आलेल्यांच्या तोंडावर तर सुटकेचा आनंद होता. निश्चित वस्तूसाठी ‘ऑ’, पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘ऑझ’, आणि अनिश्चितासाठी ‘एद्य’, म्हणजे ‘एक’. (हा ऑ आपल्या ‘ऑफिस’मधला, फक्त आखूड.) ऑ हाझ म्हणजे ते घर, ऑझ ऑल्मॉ म्हणजे ते सफरचंद, एद्य हाझ म्हणजे एक घर. अनेकवचन असो, विभक्ती असो, आर्टिकल जागचं हलत नाही.

ऑ की ऑझ हे ठरतं लगेच पुढे येणाऱ्या शब्दावरून, नामावरून नव्हे. घराआधी ‘ऊय’ म्हणजे ‘नवं’ आलं की ऑ हाझचं ऑझ ऊय हाझ होतं. लिहिलंय काय याला महत्त्व नाही, उच्चार काय होतो ते बघायचं. याचा सराव मी पुस्तकापेक्षा ट्रॅमच्या थांब्यावर जास्त केला. एक ते दहा आकड्यांत स्वराने सुरू होणारे दोनच, एद्य (१) आणि ओत (५). म्हणून १ नंबरची ट्रॅम ‘ऑझ एद्येश’, ५ नंबरची बस ‘ऑझ ओतोश’, पण दुनॉच्या, म्हणजे डॅन्यूब नदीच्या, काठाने जाणारी २ नंबरची ट्रॅम ‘ऑ केत्तेश’. मेट्रोच्या नावात एम हे अक्षर आलं की आधी ऑझ, कारण ‘एम’ स्वराने सुरू होतं. पाटी दिसली की मनात म्हणायचं, बस्स. इथवरचं प्रकरण सोपं आहे.

‘ऑझ’चा दुसरा अर्थ ‘ते’ असाही आहे. आर्टिकल याच दर्शक सर्वनामातून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या छापील मजकुरात ऑ पुढे अपॉस्ट्रॉफी दिसतो, ती गळालेल्या झ ची खूण. गंमत म्हणजे दर्शक सर्वनाम वापरलं तरी आर्टिकल सुटत नाही. ‘हे घर’ म्हणजे एझ ऑ हाझ, आणि ‘ते सफरचंद’ म्हणजे ऑझ ऑझ ऑल्मॉ. पहिल्या ऑझवर जोर द्यायचा, दुसरा पटकन उरकायचा.

खरी परीक्षा पुढे होती, आणि माझी पाठ्यपुस्तकाबद्दलची तक्रार इथेच आहे. आमच्या पुस्तकात आर्टिकल पहिल्या धड्यात आणि क्रियापदाची ‘निश्चित’ रूपं कितीतरी धड्यांनंतर. वास्तविक ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. हंगेरियनमध्ये कर्म निश्चित आहे की अनिश्चित यावर क्रियापदाचा शेवट बदलतो. कॅफेत ‘केरेक एद्य कावेत’ म्हणजे एक कॉफी द्या. बिल मागताना ‘केरेम ऑ सामलात’, कारण बिल कुठलंही नाही, माझंच. मागणारी मीच, क्रियापद तेच, पण एकदा केरेक आणि एकदा केरेम. आर्टिकल निवडलं की क्रियापदही निवडलं गेलं.

वर्गात हे इंग्रजीच्या आधाराने समजावलं जात होतं आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. शेजारी बसणाऱ्या तुर्की मुलीला मात्र लगेच कळलं, कारण तुर्कीत निश्चित कर्माला वेगळा प्रत्यय लागतो. तिचं ऐकून मी मराठीकडे वळले. ‘मी डॉक्टर शोधतेय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतेय’. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर आहेत. हंगेरियनमध्ये पहिलं ‘ओर्वोश्त केरेशेक’, दुसरं ‘केरेशेम ऑझ ओर्वोश्त’. आपण ती खूण नामावर लावतो, ते आर्टिकल आणि क्रियापद दोन्हींवर लावतात. शिवाय क्रियापदाने कर्माकडे बघणं आपल्याला कुठे नवीन आहे? मी चहा घेतला, मी कॉफी घेतली.

डॉक्टरच्या वाक्यांची ही जोडी सगळीकडे पुरत नाही. ‘मी पेपर वाचतेय’ हे आपलं वाक्य दोन्ही अर्थांना चालतं. तिथे मी प्रश्नाचा आधार घेते. ‘काय?’ म्हणजे ‘मित?’ विचारलं तर क्रियापद अनिश्चित, ‘कोणतं?’ म्हणजे ‘मेयिकेत?’ विचारलं तर निश्चित. नुसतं पेपर वाचत बसणं म्हणजे ‘उयशागोत ओल्वॉशोक’, इथे आर्टिकलच नाही. ठरावीक पेपर असेल तर ‘ओल्वॉशोम ऑझ उयशागोत’. भूतकाळात ‘मी’साठी दोन्हीकडे एकच रूप आहे, ओल्वॉश्तॉम, त्यामुळे कालच्या गोष्टी सांगताना माझं हंगेरियन एकदम सुधारतं. पण ‘तू’ आलं की पुन्हा दोन रूपं.

आर्टिकल कुठे गाळायचं यात मराठी माणसाला इंग्रजीवाल्यांपेक्षा बरं जातं. ‘मी विद्यार्थिनी आहे’ म्हणजे ‘दियाक वॉद्योक’, एद्य नको. उलट आवडीनिवडी सांगताना आर्टिकल हवंच, ‘सेरेतेम ऑ कावेत’, मला कॉफी आवडते. इथे कुठली ठरावीक कॉफी नाही, सगळी कॉफीजात आहे, तरी ऑ लागतो आणि क्रियापदही निश्चित. याला मराठीतून वाट सापडली नाही, पाठच केलं.

भूगोलाचे नियम बरेच सरळ आहेत. शहरांना आर्टिकल नाही, बुडापेस्ट, सेगेद, देब्रेत्सेन नुसतेच. देशही बहुतेक नुसतेच, पण अमेरिकेची संयुक्त संस्थानं ‘ऑझ’ घेतात. नद्या, सरोवरं, डोंगर, रस्ते यांना मात्र हवं: ऑ दुनॉ, ऑ बॉलॉतोन, ऑझ ऑन्द्राश्शी रस्ता. आपली गंगाही ‘ऑ गॉन्गेस’ आणि हिमालय ‘ऑ हिमॉलायॉ’. शहराला आर्टिकल नसलं तरी ते विशेषनाम, म्हणून निश्चितच धरतात. ‘मला बुडापेस्ट आवडतं’ यातही ‘सेरेतेम’च येतं.

माणसांच्या नावांचं भांडण अजून मिटलेलं नाही. बोलताना लोक सर्रास ‘ऑ पेतेर’, ‘ऑझ ऑन्नॉ’ म्हणतात. आमच्या बाई लेखनात ते दिसलं की लाल रेघ मारतात, आणि मधल्या सुट्टीत स्वतःच एखाद्या सहकाऱ्याला विचारतात, ‘ऑ पेतेर कुठे गेला?’