एकच किट, दोन रंगांचा कोंबुचा

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय. त्याच्या किटमध्ये सगळं मोजून दिलेलं असतं: काळ्या चहाच्या पुड्या, साखर, स्कोबीची (चहा आंबवणाऱ्या जिवाणू आणि यीस्टची) चकती आणि तिच्यासोबत आंबट विरजण. त्यामुळे दोन्ही खेपांना रंग सारखाच येणार, असं मी धरून चालले होते. पहिली बरणी मधासारखी पिवळी झाली. दुसरी आठवडा उलटला तरी गडद तपकिरी, जवळजवळ काळपट. शेजारच्या काकू बरणी बघूनच म्हणाल्या, "अगं, नासलाय तो. ओतून टाक."

मला ओतवेना. वास स्वच्छ आंबट होता, वर नवी साय धरत होती. बुरशी असती तर प्रश्नच नव्हता. पृष्ठभागावर कोरडे, लव आलेले पांढरे-हिरवे ठिपके दिसले की स्कोबीसकट सगळं टाकायचं; वरचं काढून खालचं वाचवायचं नाही. इथे तसं काहीच नव्हतं.

दोन्ही खेपांचं एकेक आठवत गेले. चहा तोच, साखर तेवढीच, चहा मुरवला तोही दहाच मिनिटं. वेगळं होतं ते पाणी. पहिल्या वेळी नळाचं, म्हणजे आपल्या कृष्णेचं. दुसऱ्या वेळी बोअरचं, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की पातेल्याला पांढरा थर धरतो.

खात्री करायला दोन्ही पाण्यांत सारखाच चहा केला. नळाचा लालसर उतरला, बोअरचा काळपट. मग लिंबू पिळलं. नळाचा कप दोन-चार थेंबांतच फिका झाला; बोअरच्या कपाला बरंच जास्त लिंबू लागलं. हे बघताना मला फार आनंद झाला, कारण बरणीत हेच तर घडत होतं! चहातली रंगद्रव्यं आम्लात फिकी पडतात आणि अल्कधर्मी पाण्यात गडद होतात. स्कोबी आम्ल तयार करते, पण जड पाण्यातले बायकार्बोनेट क्षार त्यातलं बरंचसं मारून टाकतात. पीएचच्या पट्टीवर (आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) पहिली बरणी ३ च्या आसपास होती, दुसरी अजून ४ च्या जरा खाली. ती तशीच झाकून ठेवली. पुढे ती उजळली, चवही छान आली, पण पहिलीइतकी पिवळी काही झाली नाही.

रंगावरून कोंबुचा टाकू नये, असं माझं ठाम मत झालंय. वास, पृष्ठभाग आणि पट्टी बघावी. गूळ घालून केलात तर तो गडदच राहणार, गुळाचा स्वतःचा रंग असतो.

बोअरचंच पाणी घ्यावं लागलं तर आधी ते खळखळ उकळून थंड करते, क्षार तळाला बसू देते आणि वरचं निवळ पाणी घेते. शिवाय विरजण लिटरमागे १०० मिलीऐवजी १५० मिली घालते आणि पीएच सुरुवातीलाच ४.५ च्या खाली आलाय ना, हे पट्टी बुडवून बघते.