दातांसाठी पूर्ण भूल? हो, दातांसाठीच

"अहो दातासाठी कोणी पूर्ण भूल देतं का?" हे आमच्या सासूबाईंपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, फार बोलत नाही. ड्रिलचा आवाज, डोळ्यांवर लाइट आणि तोंडात अनोळखी माणसाचं बोट, हे तिन्ही एकदम त्याला सहनच होत नाही. दाढा किडलेल्या, एकीत पू होऊन गाल सुजलेला, जेवण बंद, आणि दुखतंय कुठे हे त्याला सांगता येत नाही. एका क्लिनिकमध्ये म्हणाले दोघं जण घट्ट धरा, पटकन उरकतो. आम्ही तिथून उठलो. मला अजूनही राग येतो त्याचा, कारण असं धरून केलं की ती एक दाढ निघते पण पुढची कित्येक वर्षं पोरगं डेंटिस्टच्या दारात पाय ठेवत नाही.

मग लहान मुलांच्या डेंटिस्ट मॅडम भेटल्या, त्या म्हणाल्या हॉस्पिटलमध्ये भूल देऊन सगळं एकाच वेळी करू. माझी भीती ही होती की भुलीचा मेंदूवर परिणाम होईल. भूलतज्ज्ञांनी शांतपणे समजावलं की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2016 मध्ये जो इशारा दिला तो तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी, तोही तीन तासांपेक्षा लांबलेल्या किंवा परत परत दिलेल्या भुलीबद्दल. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आणि खरं सांगू का, भूल ही गोष्ट जगात रूढ केली ती दातवाल्यांनीच! 1844 साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या डेंटिस्टने लाफिंग गॅस (दुखणं जाणवू न देणारा नायट्रस ऑक्साइड) घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली, आणि 1846 मध्ये बोस्टनला सर्वांसमोर ऑपरेशनसाठी ईथर देऊन दाखवणारा मॉर्टन, तोही डेंटिस्टच. हे मी सासूबाईंना सांगितलं, त्यांना पटलं.

आधी सर्दी झाली म्हणून तारीख पुढे गेली, सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते त्यामुळे त्यात ते भूल देत नाहीत. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पोटात काही असेल तर भुलीत ते फुफ्फुसात जाऊ शकतं म्हणून इतकं कडक. सुई आधी टोचलीच नाही, मास्कमधून गॅस दिला, झोपल्यावर सलाईन लावलं. श्वासाची नळी नाकातून घातली म्हणजे तोंड कामाला मोकळं. एक्सरे सुद्धा तेव्हाच काढले, जागेपणी त्याने कधीच काढू दिले नसते. मग काही दुधाच्या दाढांची आतली ट्रीटमेंट करून स्टीलच्या कॅप, पूवाली दाढ काढून तिच्या जागी स्पेस मेंटेनर म्हणजे खालून येणाऱ्या पक्क्या दाढेची जागा राहते, शेवटी फ्लोराइड.

शुद्धीवर येतानाचा वेळ सगळ्यात अवघड गेला. किंचाळत होता, हातपाय झाडत होता, मला ओळखतच नव्हता, लाळेत थोडं रक्त. सिस्टर म्हणाल्या या गॅसनंतर बऱ्याच मुलांना असं होतं, उतरेल, आणि उतरलं. हे आईबापांना आधी कोणीतरी सांगायलाच हवं, म्हणून मी सांगतेय. संध्याकाळी गार दहीभात खाल्ला, गाल न धरता.

पैशांचं म्हणाल तर मेडिक्लेम बहुतेक वेळा दातांना हात वर करतो, तेव्हा आधी लेखी विचारा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विम्याची योजना आहे, 1 लाखापर्यंत कव्हर, तिथे नाव घातलं नसेल तर घाला. आणि तुमचंही मूल रक्त काढू देत नसेल, कान तपासू देत नसेल, तर आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, आम्ही रक्ताच्या राहिलेल्या तपासण्या त्याच भुलीत करून घेतल्या.