पुढचा ब्रेक

डोंगरात सायकल चालवायला शिकवतो म्हटलं की लोकांना वाटतं, मी चढ शिकवतो. चढ दमानं येतो. शिकवावा लागतो तो उतार, आणि तोही एका वेळी एकालाच. घोळक्यात माणूस पुढच्याची नक्कल करतो, त्याची खोड झाकून जाते.

परवा गोगाबाबा टेकडीवर आलेल्या ताई जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवतात. सपाटीवर भक्कम. उतार लागला की मागचा ब्रेक करकचून. चाक जाम, मुरमावरून सायकल आडवी. पुढच्या ब्रेकला बोटच नाही.

"सर, पुढचा दाबला की माणूस उलटतंय."

आपल्याकडं हे प्रत्येकाला लहानपणीच सांगितलं जातं, आणि ते अर्धवट आहे. ब्रेक लागला की वजन पुढं जातं, मागचं चाक हलकं पडतं. हलक्या चाकाला पकड कुठून येणार? उतारावर थांबवण्याचं मुख्य काम पुढचंच चाक करतं. उलटतो तो हात ताठ ठेवून एकदम दाबणारा.

आधी त्यांच्या ब्रेकची दांडी पाहिली. बोटांपासून इतकी लांब की चारही बोटं ताणावी लागायची. एवढी महागाची सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाच्या हाताचं माप बघून एक स्क्रू फिरवायचा नाही, याचा मला मनापासून राग येतो. ॲलन कीनं दांडी जवळ घेतली, तर्जनीचं पहिलं पेर बसेल इतकी. टायरमधली थोडी हवा सोडली. मग पायथ्याला मुरमात फक्कीची रेघ मारली: आधी नुसता मागचा ब्रेक, मग नुसता पुढचा, मग दोन्ही. पेडल समांतर, टाचा खाली, कोपरं वाकलेली, कंबर मागं. एकच बोट, दाब हळूहळू वाढवत. प्रत्येक वेळी ताईंनी स्वतः पावलांनी अंतर मोजलं. पुढच्या ब्रेकचा आकडा बघून त्या परत मोजायला गेल्या.

वरचा उतार त्या सुरेख उतरल्या. खाली बेसॉल्टची एक पायरी आहे, वीतभर उंच. तिथं कुठल्याशा ग्रुपची पोरं उभी होती. "काही होत नाही ताई, सोडा ब्रेक!" सगळ्यात घातक सल्ला हाच, आणि फुकट मिळतो.

ताई खडकाच्या कडेवर थांबल्या. उतरल्या, सायकल हातानं खाली घेतली.

"येतंय मला, सर. पण आज नको."

पायरी त्यांच्या आवाक्यातली होती, यावर मी अजून ठाम आहे. पण ज्या पद्धतीनं त्या थांबल्या ते डोक्यातून जात नाही: पुढच्या ब्रेकवर एकच बोट, कोपरं सैल, चाक तसूभरही घसरलं नाही. भ्यालेला माणूस आधी ताठतो. त्या ताठल्या नव्हत्या. मग ती भीती होती की पारख? भीती असेल तर पुढच्या वेळी आधी त्याच पायरीवर न्यायला हवं. पारख असेल तर तो विषयही मी काढू नये. रविवारी त्या परत येणार आहेत, आणि सुरुवात कुठून करायची हे माझं अजून ठरलेलं नाही.