ओलुदेनिझची एसआयव्ही: झटपट उतरणं आणि स्टॉल

एसआयव्ही म्हणजे पॅराग्लायडरची विंग (कापडी पंख) मुद्दाम बिघडवून सावरायचा सराव. पुण्याजवळच्या कामशेतच्या धारेवर फुल स्टॉल, म्हणजे विंगचं उडणं पूर्ण मोडणं, शिकता येत नाही. चुकलं तर सावरायला उंचीच नसते. म्हणून तुर्कस्तानातलं ओलुदेनिझ. तिथल्या बाबादाग डोंगराच्या १७०० मीटरच्या टेक-ऑफवरून सरावाच्या जागी पोचलं तरी हजार मीटरहून जास्त उंची हातात राहते, खाली समुद्र आणि बचावाची बोट. टेक-ऑफपर्यंत आता केबल कार जाते. सकाळची पहिली खेप पकडा, हवा शांत असते. लाइफ जॅकेट हवंच: हार्नेसमधला (बसायच्या आसनातला) फोम तरंगतो आणि पायलटला पाण्यात पालथं पाडू शकतो. निघण्याआधी रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) नव्याने पॅक करून घ्या, आणि त्याचं हँडल न बघता हाताला सापडतंय ना, ते बसल्या जागी पंचवीसदा तपासा.

सुरुवात बिग इअर्सने, म्हणजे विंगची टोकं कानांसारखी दुमडून उंची घटवण्याने. दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या ए-लाइन (पुढच्या कडेच्या दोऱ्या) खेचायच्या, ब्रेक (मागच्या कडेच्या दोऱ्यांची हँडलं) हातातच. टोकं दुमडली की ओढ वाढते, वेग घटतो आणि विंग स्टॉलच्या जवळ सरकते. म्हणून कान आधी, स्पीडबार (पायाने दाबायची, वेग वाढवणारी दांडी) नंतर. सोडताना उलट. वळायचं ते फक्त शरीराचं वजन एका बाजूला टाकून. कान दुमडलेले असताना स्पायरल (घट्ट गिरक्या घेत झपाट्याने उतरणं) नको, सगळा भार मोजक्या लाइनवर येतो.

बी-स्टॉलमध्ये, म्हणजे ए-लाइनमागची दोऱ्यांची रांग खेचून विंगचं उडणं मोडल्यावर, व्हेरिओ (चढ-उतार दाखवणारं यंत्र) सेकंदाला ६ ते ८ मीटर घट दाखवतो. दोन्ही बी-रायझर (त्या दोऱ्या जोडलेले पट्टे) एकसारखे खाली, आणि सोडायचे तेही एकदम, एकसारखे. हळू सोडले तर विंग डीप स्टॉलमध्ये अडकू शकते: डोक्यावर फुगलेली दिसते, पण कानाला वारा लागत नाही. तेव्हा ब्रेकला हात लावू नका; हात वर, स्पीडबार दाबा. टू-लायनर (दोऱ्यांच्या दोनच रांगांच्या) विंगवर हा प्रकार करायचा नाही.

स्पायरल सर्वांत जलद, आणि माणसं इथेच जास्त फसतात. वजन आत, आतला ब्रेक हळूहळू. सेकंदाला १५ मीटरच्या आसपास ३ ते ४ जीचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट, भार येतो, नजर आकसते. आत जाणं सोपं, बाहेर येणं शिकायचं: आधी वजन मध्यावर, मग आतला ब्रेक सैल, आणि एक-दोन फेऱ्यांत वेग जिरू द्यायचा. एकदम सोडलं तर विंग वर झेपावते. आपोआप सुटत नसेल तर वजन बाहेर आणि बाहेरचा ब्रेक ठाम.

फुल स्टॉलला दोन्ही ब्रेक पूर्ण खाली, हात सीटखाली घट्ट. विंग मागे पडते, आपण पाठीवर पडल्यासारखे होतो. याच क्षणी हात सोडावेसे वाटतात, आणि नेमके तेव्हाच सोडायचे नाहीत. मागे असलेली विंग सुटली तर इतकी पुढे झेपावते की पायलट तिच्यात पडू शकतो. ती डोक्यावर स्थिरावेपर्यंत थांबा, हात थोडे वर आणून मधला भाग भरू द्या, मग दोन्ही हात एकसारखे वर. विंग पुढे झेपावली की ब्रेकने पकडा, उडू लागली की लगेच सोडा. धरून ठेवलात तर पुन्हा स्टॉल.

पाण्यापासून ३०० मीटरवर सराव बंद. तिथेही विंग हाताबाहेर असेल तर सावरत बसू नका, रिझर्व्ह फेका.