काउंटची डायरी

आज मेगाब्लॉकच्या कृपेने लोकलमध्ये दीड तास. पिशवीत अ‍ॅन राइसची 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' (१९७६) होती, म्हणून निभावलं.

स्टोकरचा 'ड्रॅक्युला' (१८९७) अख्खा डायऱ्या, पत्रं, तारांतून उलगडतो. पण काउंटची, म्हणजे खुद्द त्या रक्तपिपासू ड्रॅक्युलाची, स्वतःची डायरी त्यात नाहीच! आरशात तर तो दिसत नाहीच, पण गोष्टीतही त्याला 'मी' म्हणायची सोय नाही. राइसने नेमका तो 'मी' तिच्या पिशाच्च नायकाला, लुईला दिला. समोर टेपरेकॉर्डर, आणि हा रात्रभर बोलतोय. माणसं मारवत नाहीत म्हणून उंदरांच्या रक्तावर दिवस काढलेला हा पिशाच्च. (दिवस कसले, रात्री.)

क्लॉडियापाशी मात्र पुस्तक मिटून बसले. पाचव्या वर्षीच पिशाच्च केली गेलेली, त्याच देहात अडकलेली बाई. मन मोठं होतंय, हात तेवढेच चिमुकले, आणि भेट म्हणून परत बाहुलीच. राइसची स्वतःची लेक १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेली, सहावा वाढदिवस यायच्या आत. हे माहीत असलं की ती पानं भयकथा म्हणून वाचताच येत नाहीत.

शेजारच्या चिमुरडीने मुखपृष्ठाकडे बोट दाखवलं. "काकू, हे भूत आहे?"

"नाही गं," म्हटलं. पुढे काय सांगावं सुचेना, तेवढ्यात दादर आलं.